पाचव्या माळेला बाजूला बसवलेली शीतल

शीतलला मारलं ते यंदाच्या नवरात्रात, पाचव्या माळेच्या दिवशी, दुपारी, घरातल्यांची उपासाची पानं उठत होती त्या वेळी. ती तेव्हा घरात नव्हती. घरामागं कंपनीवाल्यांना भाड्यानं द्यायला बांधलेल्या खोल्यांची रांग आहे, त्यातली शेवटची खोली रिकामी होती, तिथं ती गोधडीवर पडलेली होती. तिच्या अंगावरून रक्त जात होतं आणि घरात घट बसलेला होता, म्हणून. पाण्याचा तांब्या उंबऱ्याशी ठेवून माणसं माघारी फिरत होती. तिच्या पोटात गर्भाची नळी फुटली होती आणि घरादाराला वाटत होतं, पाळी आलीय. हे सगळं मी पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसावर लिहिताना मरण कसं आलं हे शेवटाकडं, हळू आवाजात सांगायची एक पद्धत आहे. ती पद्धत या मरणाच्या बाबतीत फक्त मारणाऱ्यांच्या सोयीची आहे.

मला कळलं ते महाळुंग्यात. सेकंड शिफ्ट आत जायची वेळ होती, आणि कामगार संघटनेच्या आम्ही तिघी एका कंपनीच्या गेटबाहेर बायकांच्या संडासाच्या प्रश्नावर पत्रकं वाटत होतो. फोन सुनीताचा होता. सुनीता परभणीकडची, नवरा प्रेस शॉपला, शीतलच्या सासरच्यांच्या त्या खोल्यांपैकीच एकीत भाड्यानं राहणारी. ती ओरडत नव्हती, उलट फार हळू बोलत होती. "ताई, शीतलवहिनी उठंना गेलीय. अंग गार पडायलंय. घरचे म्हनायलेत पाळीचंच हाय, उपास लागलाय. मी रिक्षात घातलंय, तुम्ही चाकणला या." मी पोचले तेव्हा शीतलला आत घेतलं होतं. एक तरुण डॉक्टरीणबाई पळत बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, पाळी कधी चुकली होती हिची? सुनीता माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात शीतलचा नवरा आला. त्याची पांढरी गाडी सकाळपासून अंगणात उभी होती, पण संध्याकाळी त्याच गाडीतून डोंगरावरच्या देवीला जायचं होतं आणि सीट खराब झाली असती, म्हणून त्याची बायको रिक्षातून आली होती. डॉक्टरीणबाईंनी त्याला तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "चुकली न्हवती. गोळ्या चालू व्हत्या ना."

ऑपरेशनची तयारी होईस्तोवर ती गेली. तिचं वय तेवीस.

दुसऱ्या दिवशी गावच्या चौकात फ्लेक्स लागला. शीतलचा फोटो लग्नातला, नथ घातलेला, कोपऱ्यात. तिच्यापेक्षा मोठे फोटो पंचायतीला इच्छुक असलेल्या दोघा भाऊंचे. खाली शोकाकुल मित्रपरिवार, आणि वर मोठ्या अक्षरांत, देवाज्ञा झाली. फ्लेक्सवर जे छापता येत नाही ते गावात तोंडी फिरत होतं. तिला विटाळ झाला होता, तिनं सांगितलं नाही, तशीच घटाजवळ गेली, माळ बांधली, देवीनं नेली. दहाव्याला नदीवर मी हे माझ्या कानांनी ऐकलं, दोन बायका पिंडाला कावळा शिवायची वाट बघत एकमेकींना सांगत होत्या. म्हणजे जिवंतपणी तिला बाजूला टाकलं, आणि मेल्यावर गुन्हेगारही तिलाच केलं... तेव्हाच मी ठरवलं की मी शांत बसणार नाही. तिच्या आत्म्याला शांती मिळो असं मी अजून एकदाही म्हटलेलं नाही. मला तिच्यासाठी शांती नकोच आहे.

आमची ओळख लाइनवरची. गाडीच्या आत ज्या वायरी जातात त्यांच्या जुड्या बांधायचं काम, दोघी कॉन्ट्रॅक्टवर, समोरासमोरच्या टेबलांवर. मी लातूरकडची, आईबापांबरोबर पिंपळे गुरवला भाड्यानं राहणारी. ती इथलीच, खेड तालुक्यात धरणाच्या वरच्या अंगाला तिचं गाव. वडील लहानपणीच गेले होते. आईनं आणि मामानं तिला वाढवलं, तिच्या पाठची एक बहीण, प्राजू. शीतलचं बोलणं सगळं आमी, न्हाई, व्हय असं, आणि त्याची तिला काडीचीही लाज नव्हती. त्या कंपनीत संडासला जायचं तर लाल कार्ड वर धरायचं आणि लाइन लीडरनं मान हलवली की उठायचं. एकदा त्यानं सगळ्यांसमोर तिला विचारलं की दिवसातून किती वेळा लागतं. ती कार्ड खाली न घेता म्हणाली, "सर, तुमच्या घरी वहिनी बी कार्ड दाखवूनच जातात का?" अख्खी लाइन हसली, आणि पुढच्या आठवड्यात तिचा ओव्हरटाइम गेला. मी हळहळले तर मलाच म्हणाली, "जाऊ दे की. तोंड माझं हाय, ते काय कॉन्ट्रॅक्टवर न्हाई." पुढं मी काम सोडून संघटनेत गेले, ती राहिली. माझी पत्रकं ती डब्याच्या सुट्टीत मोठ्यानं वाचून दाखवायची, वरच्या ओळीला तमाशातल्या सरदाराचा आवाज काढायची आणि खालच्या ओळीला आमच्या एचआरच्या मॅडमचा. वर सांगायची, "मुक्ते, तू लिहितीस ते खरं असतं गं, पण वाचताना शिव्या खाल्ल्यासारखं वाटतं." आजही तसंच वाटणार आहे.

लग्न मामानं जमवलं. स्थळ मोठं होतं. जमीन एमआयडीसीत गेलेली, त्यावर बंगला, बंगल्यामागं खोल्या, मुलाचा धंदा कंपन्यांना बस आणि गाड्या लावायचा. आमच्या घरच्या सुना कंपनीत जात नाहीत, असं पहिल्याच बैठकीत सांगितलं गेलं आणि मामानं ते मोठेपणाचं म्हणून घेतलं. त्या घरात तिला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, हुंड्यासाठी छळलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण लोक मला पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि नाही म्हटलं की त्यांना हायसं वाटतं. नवऱ्याचा जीव होता तिच्यावर, तीही तसंच सांगायची. नवा फोन दिला होता. त्या फोनवरून ती मला दुपारी गच्चीवरून बोलायची, वाळवण राखायच्या निमित्तानं, आणि तितकीच हसायची. फक्त जिना वाजला की आवाज बदलायचा आणि ती मला "व्हय काकू, व्हय" म्हणायला लागायची. मी तिची कोण काकू होते ते देव जाणे.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत एकदा तिनं गच्चीवरून मला एक गोष्ट गंमत म्हणून सांगितली, तीच सगळ्याची सुरुवात आहे. नवऱ्याला लघवीला आग होत होती, पू येत होता. गाड्या घेऊन तो कुठं कुठं मुक्काम करायचा, कुणाकडं जायचा, हे तिनं विचारलं नाही आणि मला तो आता सांगणार नाही. घरी त्यानं सांगितलं की उष्णता झालीय, गाडीत बसून बसून. चिंचवडला एका डॉक्टरकडं गेला, औषध घेतलं, काही दिवस लांब झोपला, बरा झाला. "डॉक्टर ह्यांना म्हणले, बायकोला बी घेऊन या, दोघांनी औषध घ्यायला लागतंय. ह्यांना वाटलं, डॉक्टर गिऱ्हाईक वाढवतोय." आणि ती हसली. मी हसले नाही. मी तिला म्हटलं, मग तू गेलीस का? तर म्हणाली, "मी म्हणलं की चला म्हणून. ते म्हणले, तुला कुठं आग व्हतीय? तुला कशाला नाचवू दवाखान्यात."

आता हे नीट वाचा. पुरुषाला आग होते म्हणून तो दवाखाना गाठतो. बाईला पुष्कळदा काहीच होत नाही, आग नाही, ताप नाही, आणि आतल्या आत नळ्या सुजतात, चिकटतात. डॉक्टरनं त्याला एक वाक्य सांगितलं होतं. ते वाक्य घरी न्यायचं आणि पाळायचं एवढंच त्याला करायचं होतं. त्यात लाज त्याची होती आणि जीव तिचा होता. त्यानं लाज राखली.

काही महिन्यांनी तिला पांढरं जायला लागलं. ओटीपोटात दुखायचं, अंगाला वास यायचा म्हणून ती दिवसातून दोनदा आंघोळ करायची आणि सासूबाई म्हणायच्या की सून फार स्वच्छ आहे. शेवटी तिनं त्यांना सांगितलं. त्यांनी तांदळाचं धुवण प्यायला दिलं. धुपणी सगळ्या बायांची जाते, त्यांचीही गेली, त्या काय मेल्या का, असं समजावलं. सासूबाई वाईट नाहीत, त्यांना जे मिळालं तेच त्यांनी पुढं दिलं, असं मला आमच्याच संघटनेतल्या एका वडीलधाऱ्या ताईंनी सांगून बघितलं. असेल. पण त्यांना जे मिळालं त्यानं त्या जगल्या आणि त्यांनी जे दिलं त्यानं शीतल मेली. हिशेब बरोबरीचा नाही.

मग तिनं एकटीनं दवाखान्यात का जाऊ नये? हा प्रश्न मला पुण्यातल्या शिकलेल्या मैत्रिणींनी विचारलाय. त्या गावातलं मेडिकल तिच्या चुलत दिराचं. गावातलं आरोग्याचं काम बघणारी आशाताई म्हणजे चुलत सासऱ्यांची सून. स्टँडवरच्या रिक्षा भावकीतल्या. गावात साधा ताप आला तर दहा माणसं चौकशीला येतात, आणि खालच्या अंगाचं काही असलं तर त्याच दहा माणसांपासून लपवत गावाबाहेर जावं लागतं, आणि बाहेर जायला त्याच दहा माणसांना कारण सांगावं लागतं. तरी ती एकदा निघाली. साडीला फॉल लावायचं सांगून चिंचवडला आली, मी स्टेशनजवळ उभी होते, एका बाईडॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. ती उतरली ती नणंदेला घेऊन. एकटीला सोडलं नव्हतं. मला बघून तिनं ओळख दाखवली नाही, मी पण नाही. नणंदेला तिनं वाटेत सांगितलं, डोकं फार दुखतंय, इथंच दाखवून घेऊ. दोघी केबिनमध्ये गेल्या. मी बाहेर बाकड्यावर. त्या डॉक्टरबाईंनी नणंदेला बाहेर थांबायला सांगितलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती, असं मला अजूनही वाटतं. त्यांनी नाही सांगितलं. घरची बाई बरोबर आहे, चांगलंच आहे, असं त्यांना वाटलं असेल. काय होतंय, असं विचारल्यावर शीतल म्हणाली, डोकं दुखतंय. त्यांनी तपासलं आणि गोळ्या दिल्या. बाहेर आल्यावर नणंद चपला घालायला वाकली तेवढ्यात शीतल माझ्या कानाशी म्हणाली, "डोक्याच्या गोळ्या मिळाल्या. चला, डोकं तरी दुखणार न्हाई." आणि ती गेली.

गोळ्यांचं आता सांगते. आपल्याकडं सण जवळ आला की मेडिकलात पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मागायला बायका येतात, हे माहीत नाही असं एकही घर या पट्ट्यात मला दाखवा. गौरी आल्या, घ्या गोळी. गावची जत्रा, घ्या गोळी. नणंदेचं लग्न, सत्यनारायण, वास्तुशांत, घ्या गोळी. डॉक्टरची चिठ्ठी नाही, कुणाला कसला त्रास आहे याची चौकशी नाही. शीतलच्या सासरी ऊद, कापूर, फुलवाती आणि त्या गोळ्या एकाच पिशवीतून यायच्या. सासूबाईंना त्याचा अभिमान होता. आमच्या सुनेचा सणावाराला कधी विटाळ नाही, असं त्या चारचौघीत सांगायच्या. लग्नाला दोन वर्षं होत आली होती, मूल नव्हतं, म्हणून यंदाच्या नवरात्रात त्यांनी नवस बोलला होता, सुनेकडून नऊ दिवसांचा उपास आणि अखंड दिवा, देवीला शालू. मूल हवं म्हणून नवस, आणि नवसात पाळी नको म्हणून गोळ्या. यात काही चुकतंय असं त्या घरात एकालाही वाटलं नाही.

गौरींच्या वेळी तिनं गोळ्या घेतल्या. विसर्जनानंतर बंद केल्या, की दोन-चार दिवसांत पाळी यायला पाहिजे. आली नाही. सासूबाई म्हणाल्या, गोळ्यांचा परिणाम असतो, येईल. मग पितृपंधरवडा लागला, पान वाढायचं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या, आता पंधरवडा सरेस्तोवर न आलेलीच बरी. आणि घट बसायच्या आधी खबरदारी म्हणून पुन्हा गोळ्या. म्हणजे तिला दिवस गेले होते, ज्याच्यासाठी नवस होता ते झालेलं होतं, आणि घरातली सगळी माणसं मिळून ते नऊ दिवस पुढं ढकलत होती. गोळ्यांनी तिला मारलं नाही. गोळ्यांनी लपवलं.

तिला शंका आली होती. तिनं मला गच्चीवरून फोन केला. मी म्हटलं, किट आण आणि बघ. त्यावर ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते. "मेडिकलात किट मागितलं ना, तर संध्याकाळपर्यंत सासूबाई पेढे वाटतील. मागल्या खेपेला वाटले व्हते. मग आली पाळी. आता पेढे परत मागत फिरू का घरोघर?" मी त्याच दिवशी किट घेतलं. ते तिच्याकडं पोचवायचं कसं, हा प्रश्न होता, कारण पत्रकवाली म्हणून मला त्या घरात मज्जाव होता, आणि घट बसले की उठेपर्यंत सुनेनं वेस ओलांडायची नाही असा घरचा नेम. आम्ही ठरवलं, दसऱ्याला सोनं द्यायला जायला कुणी अडवत नाही, तेव्हा मी जाईन. दसरा उजाडला तेव्हा तिची राख सावडून झाली होती.

पाचव्या माळेला काय झालं ते मला सुनीतानं सांगितलं आणि ते मी तिच्याकडून दोनदा ऐकून घेतलंय. शीतलनं काहीही लपवलं नाही. सकाळी पोटात कळ आली, डाग दिसला, तशी तिनं हातातलं काम ठेवून सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, गोळी चुकवली असशील. घट त्यांनी स्वतः सांभाळला, माळ त्यांनीच बांधली, आणि हिला मागच्या खोलीत पाठवलं. म्हणजे गावात जे फिरतंय ते सरळ खोटं आहे. दुपारी सुनीता नळावर आली तेव्हा तिला दारातून ती दिसली, भिंतीला टेकलेली, ओठ पांढरे. खांदा दुखतोय म्हणाली. पाणी जास्त भरलं म्हणून असेल, असं तिचं तीच म्हणाली. पोटात रक्त साठलं की खांदा दुखतो, हे डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नंतर सांगितलं. सुनीता परत आली तेव्हा शीतल आडवी होती आणि हाक मारल्यावर डोळे उघडून पुन्हा मिटत होती. सुनीता बंगल्याच्या मागच्या दाराशी गेली आणि हाका मारल्या. सासूबाई आतून म्हणाल्या, "तिला शिवू नको, तुझ्या बी घरी घट हाय ना?" सुनीता म्हणाली, "मी अंघोळ करीन की."

एवढंच. त्या गावात त्या दुपारी शहाणपणाचं बोललं गेलेलं ते एकच वाक्य. मग तिनं आणि शेजारच्या खोलीतल्या बाईनं शीतलला उचललं. दोघींच्या घरी घट होते.

नळी आधीपासून खराब असली की गर्भ पुढं सरकत नाही, तिथंच अडकतो आणि वाढतो आणि एक दिवस नळी फोडतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, नळी खराब कशानं झाली? त्या म्हणाल्या, बरीच कारणं असू शकतात, छातीठोक सांगता येणार नाही. त्यांनी सांगू नये, त्यांचं काम तसं आहे. माझं काम तसं नाही. मी चौकीत गेले होते. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली आणि समजावलं की यात गुन्हा कुठं बसत नाही, बाईनं दवाखान्यात जायला हवं होतं. नवऱ्यानं डॉक्टरचं ऐकलं नाही, हा गुन्हा नाही. मेडिकलवाल्यानं न विचारता गोळ्या दिल्या, तर ते सगळेच देतात. सासूनं रीत पाळली. म्हणजे सगळ्यांनी आपापलं नेहमीचं केलं आणि एक पोरगी मेली... मी खुर्चीवरून उठताना ठरवलं की कायद्यात बसत नसेल तर आपण दुसरीकडं बसवू.

ती जागा मला दिवाळीत सापडली. घरात माणूस गेलं की पहिल्या दिवाळीला त्या घरी कढई चढत नाही, सोयरे फराळ घेऊन येतात. तसे शीतलच्या माहेरी तिच्या सासरचे आले. सासूबाई, नवरा, आणि मध्यस्थ म्हणून मामा. मी तिथंच होते, मावशींना, म्हणजे शीतलच्या आईला, सोबत म्हणून. फराळाच्या डब्यांबरोबर एक गाठोडं होतं. त्यात शीतलच्या साड्या. मुलीच्या साड्या माहेरी परत येतात, त्यात नवल नव्हतं. पण प्रत्येक साडीवर नवा शिवलेला ब्लाऊज होता. शीतल अंगानं भरलेली होती. ब्लाऊज लहान होते. प्राजूनं एक उचलून अंगाला लावून बघितला आणि तिचा चेहरा उतरला. ते तिच्या मापाचे होते. मामानं तिचा जुना ब्लाऊज मापाला म्हणून नेऊन दिला होता, विचारल्यावर त्यानं मान्य केलं, वर म्हणाला, घर मोडायला नको, पोरीचं कल्याण होईल, खोल्या आहेत, गाड्या आहेत, माणसं ओळखीची आहेत.

माणसं ओळखीची आहेत, हे खरं होतं.

मी त्या नवऱ्याला दाजी म्हणायचे. त्या दिवशीही तसंच म्हटलं. म्हटलं, दाजी, चिंचवडच्या डॉक्टरनं तुम्हाला बायकोला घेऊन यायला सांगितलं होतं की नाही, एवढंच सांगा सगळ्यांसमोर. तो खाली बघायला लागला. सासूबाईंना कळेना कुठला डॉक्टर. मामा माझ्यावर खेकसला की बायकांनी चारचौघांत असलं बोलू नये. मी पुन्हा विचारलं. तो चिडून म्हणाला, "आता ते काढून काय उपेग? व्हतं असं गड्याला." मग मी सगळं सांगितलं, आग, औषध, धुवण, गोळ्या, नळी, ज्या शब्दांत डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्याच शब्दांत, मावशींच्या घरात, फराळाचे डबे मध्ये ठेवून. मावशी माझ्याकडं बघत नव्हत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि सासूबाईंना विचारलं, "इहीणबाई, हिची पाळी आली, का हिला बी त्याच खोलीत टाकणार?" सासूबाई म्हणाल्या, रीत हाय ती. मावशी म्हणाल्या, "मग खोली झाडून ठिवली का न्हाई?"

प्राजू उंबऱ्यात बसली होती. तिनं दाताखाली धरून पहिल्या ब्लाऊजचा टाका तोडला आणि ती शिवण उसवायला लागली. बाही सुटली, पाठ सुटली, मग दुसरा ब्लाऊज घेतला. मोठी माणसं बोलत राहिली आणि ती उसवत राहिली. मामानं तिला दोनदा दटावलं. तिनं मान वर केली नाही.

मामानं हार मानलेली नाही. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा बसू, असं तो जाताना सांगून गेलाय. प्राजू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वीस वर्षांची, आणि तिनं मला फोनवर एकच गोष्ट विचारली, की घरातले सगळे हो म्हणाले तर एकटीच्या नाहीला कोण विचारतं. मी तिला सांगितलंय, ते लग्न मी होऊ देणार नाही. ते मी करीन. बैठकीत येईन, मांडवात येईन, लागलं तर पत्रक काढीन आणि त्या चौकात, फ्लेक्सखाली उभी राहून वाटीन. पण प्राजू सुटली म्हणून तो थांबणार नाही. तरुण आहे, गाड्या आहेत, त्याच्या पायाशी स्थळं येतील. खेडमध्ये, मावळात, शिरूरला, कुठंतरी एक मामा असेल ज्याला खोल्या मोजून बरं वाटेल. आणि त्याला आता वाटतंय की तो बरा आहे, कारण आग थांबलीय. त्यानंतर त्यानं पुन्हा तपासून घेतलंय का, हे मी विचारलं तेव्हा तो उठून गाडीकडं गेला.

मला त्याचं वाईट व्हायला हवंय. हे मी लपवत नाही. त्यानं म्हातारपणापर्यंत त्या बंगल्यात एकट्यानं राहावं आणि घट बसतील त्या प्रत्येक वर्षी मागच्या खोल्यांकडं बघावं, एवढं तरी व्हायला हवंय. त्याचं नाव मी इथं लिहिलेलं नाही, वर्तमानपत्राच्या या पुरवणीत ते छापता येत नाही असं मला सांगण्यात आलं. पण तुम्हाला नावाची गरज नाही. तुळशीचं लग्न झालं की तो माणसं घेऊन मुली बघायला निघेल. तुमच्या ओसरीवर बसेल. तेव्हा त्याला विचारा, पहिली कशानं गेली. देवीची इच्छा, असं तो म्हणाला तर समजा की हाच तो. आणि दुसराच कुणी असला, आणि तोही असंच काही म्हणाला, तर तोही तोच. दवाखान्यात दोघांची तपासणी करायची म्हटल्यावर ज्याचा चेहरा पडतो, तोही तोच. त्याला बसायला सतरंजी द्या. पाणी द्या, चहा द्या. पोरगी देऊ नका.